मधुपूरचे बंगले आणि तुमचा आक्षेप

नमस्कार. आजच्या झारखंड-बिहारमधल्या मधुपूर, शिमुलतला, गिरिडीहच्या बंगल्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "दहा महिने कुलूप, दोन महिने चैन. कोलकात्याच्या श्रीमंतांच्या असल्या घरांना वारसा कसलं म्हणता? पडू द्यात."

एक आधी मान्य करते. संथाल आदिवासींचा हूल, म्हणजे उठाव, पेटला १८५५ साली आणि त्याच मुलखातून रेल्वेची कॉर्ड लाइन धावू लागली १८७१ मध्ये. बंगाली बाबू आले ते या रेल्वेनं. त्यांच्या बागांखालची जमीन आधी कुणाची होती, हे मी विचारायलाच हवं होतं. विचारलं नाही, ही माझी चूक.

पण चैन हा शब्द मला पटत नाही. बंगालच्या सखल भागात तेव्हा मलेरियानं गावं ओस पडत होती. दुर्गापूजा आटोपली की माणसं निघायची ती कोरड्या हवेसाठी आणि भूक लावणाऱ्या विहिरीच्या पाण्यासाठी. आपण हवापालटाला जायचो, तसे ते 'चेंज'ला जायचे. बाजारात जिन्नस पाहून 'डॅम चीप' म्हणायचे, म्हणून स्थानिकांनी त्यांना 'डँचीबाबू' नाव ठेवलं. म्हणजे तुमचा राग तिथल्या लोकांनाही ठाऊक होता. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस १९३७ मध्ये वारले तेही गिरिडीहलाच.

आणि सगळेच कुलूप लावून परतणारे नव्हते. मधुपूरजवळच्या करमाटाडला समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांनी घर घेतलं आणि आयुष्याची शेवटची अठराएक वर्षं बरीचशी तिथंच काढली. संथालांना होमिओपॅथीची औषधं फुकट दिली, मुलींची शाळा काढली. त्यांच्यामागे ते घर विकलं गेलं. पुढे १९७४ साली तेव्हाच्या बिहारमधल्या बंगाली मंडळींनी वर्गणी काढून ते सोडवून घेतलं. हे घरही पडू द्यायचं का? (देवघरजवळच्या करौं गावचे सखाराम गणेश देऊस्कर मराठी घरातले आणि लिहिणारे बंगालीत. हा मुलूख आपल्यालाही परका नाही.)

राहता राहिले माळी. मालक थंडीपुरता यायचा, बाकी वर्षभर घर माळ्याचं कुटुंब राखायचं, पिढ्यान् पिढ्या. मधुपूरला मला ज्यांनी फाटक उघडून दिलं, त्यांच्या आजोबांनी तिथली आंब्याची कलमं लावली होती. जागा बिल्डरला गेली की आधी त्यांचीच खोली पाडतात. तुम्ही 'पडू द्यात' म्हणालात तेव्हा मला तीच खोली दिसली. तिचा फोटो मी काढला होता, पण लेखात फक्त बंगल्याचे खांब आणि व्हरांडे घातले.

आज तो फोटो लेखात सगळ्यात वर लावला आहे.