बिनकामाचा डॉन

कादंबरीच्या पहिल्याच पानावर इशाऱ्यांची यादी होती: अपहरण, छळ, रक्तपात, सूड. कमकुवत मनाच्या वाचकांनी पुढे जाऊ नये. डार्क माफिया रोमान्सची, म्हणजे गुंड नायकांच्या हिंसक प्रेमकथांची, वाचक हे पान मेनूकार्डासारखं वाचते, त्यामुळे मी बाह्या सरसावूनच पुढे गेले. त्या पानाइतकं थरारक पुढे काहीच नव्हतं.

नायक इटालियन माफियाचा सर्वेसर्वा. अजून तिशीही गाठलेली नाही. उंची सहा फूट चार इंच. ही उंची दर प्रकरणात नव्याने सांगितली जाते, मधल्या काळात तो आखूड तर नाही ना झाला अशी शंका कुणाला येऊ नये म्हणून असावं. सूट काळा, गाडी काळी, भूतकाळ काळा. धंदा कसला, ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही. व्हिस्कीतला बर्फ हलवत, खिडकीतून खाली बघत तो म्हणतो, ‘हे शहर माझं आहे.’ मग ‘महत्त्वाचं काम आहे’ म्हणून तरातरा निघतो आणि पान उलटेपर्यंत परत हजर! का, तर नायिका जेवली की नाही ते बघायला.

आता खरा डॉन बघा. सिसिलीच्या माफियाचा म्होरक्या बर्नार्दो प्रोव्हेन्झानो चाळीसहून जास्त वर्षं फरार होता. फोन टाळून, टाइप केलेल्या चिठ्ठ्यांवर तो माफियाचा कारभार चालवायचा, आणि वर चिठ्ठीत देवाचे आशीर्वादही द्यायचा. २००६ साली पोलीस त्याच्या घरच्या धुतलेल्या कपड्यांचा माग काढत कोर्लेओने गावाजवळच्या शेतघरात पोचले, तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता. त्या वयात, लपूनछपून, माणूस पत्रव्यवहार सांभाळत होता. आमच्या डॉनच्या टेबलावर साधा कागद नाही.

ओमेर्ता, म्हणजे मौनाची शपथ, हिचा उल्लेख मात्र उठताबसता. आणि हा गडी लग्नाच्या तिसऱ्या रात्री शत्रूंची नावं, गोदामांचे पत्ते आणि लहानपणीचं दुःख सगळं बायकोला सांगून मोकळा. बायकोही कोण, तर बापाच्या कर्जापोटी वसूल झालेली.

शिवाय प्रत्येक प्रसंग दोनदा. एकदा तिच्या तोंडून, एकदा त्याच्या. पहिलं चुंबन अकरा पानं चालतं, मग प्रकरण बदलतं आणि तेच चुंबन पुन्हा सुरू. दोघांची मतं जुळतात, हे वाचकाला आधीच्या अकरा पानांत कळलेलं असतं. यादीतल्या रक्तपाताला दीड पान. तेवढ्यात अख्खी रशियन टोळी आटोपते. नंतरचा गैरसमज पाऊणशे पानं टिकतो, कारण ‘तो फोटो कुणाचा?’ एवढं विचारायला कुणालाच सवड नाही.

पुस्तकात राबतो एकच जण, डॉनचा सल्लागार. वकील तो गाठतो, हिशेब तो बघतो, रक्ताळलेले गालिचेही तोच बदलून घेतो. शेवटी पुढच्या भागाची जाहिरात होती. नायक तोच सल्लागार! मी आशेने वाचायला घेतली, तर तिथे लिहिलेलं: ‘तिच्यासाठी त्याने सगळं सोडून दिलं.’

म्हणजे आता हिशेबही कुणी बघत नाही.