नागपूर विद्यापीठातून सगळे निघून गेले म्हणून रडणाऱ्यांसाठी

२०२३ ला एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) नागपूर विद्यापीठातून बाहेर पडून स्वतःच एक विद्यापीठ झालं, तेव्हापासून एक रडगाणं ऐकून राहिलो मी. जुन्या बॅचच्या ग्रुपवर असो की लग्नात जेवणाच्या रांगेत, कोणी ना कोणी सुरू करतंच. "काय उरलं बाप्पा आता नागपूर विद्यापीठात? अमरावती गेलं, चंद्रपूर गेलं, गडचिरोली गेलं, मेडिकल गेलं, आता एलआयटी बी गेलं." जसं काही भावाभावांत वावराच्या वाटण्या झाल्या अन थोरल्याच्या हाती नुसता बांध राहिला. माझ्या दोन्ही डिग्र्या तिथल्याच आहेत, जीव आहे आपला त्या विद्यापीठात, पण हे रडणं मला पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

मुळात हे विद्यापीठ जन्मलं कसं ते बघा ना. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. म्हणजे विद्यापीठाच्या आधी चाळीस वर्षं नागपुरात पोरं बीए करूनच राहिली होती. फक्त डिग्री कोणाची? आधी कलकत्त्याची, मग १९०४ च्या कायद्यानंतर अलाहाबादची. पोरगा शिकणार सीताबर्डीवर, अभ्यासक्रम ठरवणार गंगेकाठचे लोक. आज गडचिरोलीच्या पोराला नागपूर लांब पडतं म्हणून आपण हळहळतो ना, तेव्हा अख्ख्या नागपूरला अलाहाबाद लांब पडत होतं. आणि गंमत म्हणजे अलाहाबादलाच पुढे ही बाहेरची कॉलेजं नकोशी झाली. विद्यापीठांचा कारभार तपासायला नेमलेल्या सॅडलर कमिशनने सांगितलं होतं की विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेत बसू नये, स्वतः शिकवावं. मग १९२१ च्या कायद्याने अलाहाबाद तसं शिकवणारं विद्यापीठ व्हायला निघालं. इकडे इंग्रज सरकारच्या १९१९ च्या सुधारणांमुळे शिक्षण खातं प्रांतातल्या मंत्र्यांकडे आलं होतं. त्या काळात पाटणा, लखनौ, ढाका, दिल्ली अशी एकामागून एक विद्यापीठं निघून राहिली होती, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडनेच काय पाप केलं होतं? १९२३ चा कायदा झाला आणि ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ सुरू झालं. ६ कॉलेजं, ९२७ विद्यार्थी. बस. आजच्या एखाद्या बऱ्या ज्युनियर कॉलेजात याहून जास्त पोरं असतात.

म्हणजे राजेहो, आपलं विद्यापीठच दुसऱ्या विद्यापीठातून तुटून निघालेलं आहे. अलाहाबादवाले तेव्हा रडले असतील असं मला तरी वाटत नाही, उलट सुटलो म्हणाले असतील.

आता ती तारीख परत बघा. ऑगस्ट १९२३. त्या वेळी नागपुरात काय चाललं होतं? झेंडा सत्याग्रह! १ मे पासून रोज तिरंगा घेऊन जत्थे सिव्हिल लाइन्सकडे निघत होते आणि रोज पकडले जात होते, गावोगावचे लोक येऊन जेल भरून राहिले होते. जमनालाल बजाज जूनमध्येच आत गेले, मग वल्लभभाई पटेल आले आणि त्यांनी सूत्रं हाती घेतली. १८ ऑगस्टला ते संपलं. म्हणजे विद्यापीठ ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी याच शहरात रस्त्यावर अटका चालू होत्या. कुलपती म्हणजे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय, आणि सत्याग्रह्यांना जेलमध्ये टाकणारं सरकारही त्याच गव्हर्नरचं. १९२० ची काँग्रेस नागपूरलाच झाली होती, सरकारी शाळा-कॉलेज सोडा असा ठराव तिथेच पास झालेला, त्यामुळे कॉलेज सोडलेली पोरं शहरात होतीच आणि कॉलेजात राहिलेली पण होती. दोघांनी एकमेकांकडे कसं बघितलं असेल? एकाच वाड्यात एक भाऊ जेलमध्ये आणि दुसरा बीएच्या फॉर्मवर सही करून राहिला, असं झालं असणारच. आणि आज विद्यापीठाच्या अमरावती रोडकडच्या नव्या प्रशासकीय इमारतीला नाव कोणाचं आहे? जमनालाल बजाज. उद्घाटनाच्या दिवशी जो माणूस कैदेत होता त्याच्या नावाच्या इमारतीत आता आपले कुलगुरू बसतात. विद्यापीठाच्या इतिहासातली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे आणि शताब्दीत मला तरी कोणी ती मोठ्याने सांगताना दिसलं नाही.

पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. बंगाली माणूस, १८७४ च्या सुमारास वकिली करायला नागपुरात आला आणि इथलाच झाला. कुलगुरू झाले तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती, तरी १९२८ पर्यंत काम पाहिलं. त्यांच्यानंतरची नावं घ्या, हरिसिंग गौर, भवानीशंकर नियोगी, टी. जे. केदार, पुराणिक, जवळजवळ सगळे वकील नाही तर जज. कोर्टाचं गाव ना आपलं! याचा फायदा असा झाला की कायद्याचं शिक्षण इथे पहिल्यापासून जोरात होतं. मोहम्मद हिदायतुल्ला मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, मग विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात शिकवलं, मग लॉ फॅकल्टीचे डीन, पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती. तोटा पण झाला असं माझं मत आहे. वकील माणसाला नियम, कलम, पोटकलम यात रस असतो, त्यामुळे विद्यापीठ म्हणजे नियम करणारी अन परीक्षा घेणारी संस्था हे डोक्यात पक्कं बसलं. शिकवायचं काम कॉलेजांचं. ज्या रोगापायी अलाहाबादने आपल्याला बाहेर काढलं तोच रोग आपण घरी आणला. हे माझं मत आहे, भांडायचं असेल त्यांनी भांडा.

आणि तेव्हाचा पसारा केवढा! जबलपूरपासून अमरावतीपर्यंत, निम्मं हिंदी निम्मं मराठी. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज त्याच १९२३ ला निघालं. पुणेकरांना हे सांगायला मला फार आवडतं की भाऊ, तुमचं विद्यापीठ १९४९ चं आहे, आमचं २५ वर्षांहून जास्त आधीचं. आजच्या महाराष्ट्रात मुंबईचं १८५७ चं, एसएनडीटी १९१६ चं, त्यानंतर नंबर आमचाच. (पुण्याचा वकूब कोणी नाकारत नाही, पण तारीख म्हणजे तारीख.)

आता एलआयटीकडे येतो, कारण सगळं रडणं तिथूनच सुरू झालं. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणीवाले. १९३० मध्ये त्यांनी ३५ लाखांच्या वर रक्कम विद्यापीठाला दिली, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. १९३० चे ३५ लाख म्हणजे काय ते डोक्यात बसत नाही माझ्या. तेव्हा विद्यापीठ सात वर्षांचं होतं, जुनं नाव नाही, परंपरा नाही, आणि कामठीचा एक व्यापारी एवढा पैसा तिथे ठेवून जातो. त्यातून १९४२ ला लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभं राहिलं, केमिकल इंजिनिअरिंग, ऑइल टेक्नॉलॉजी वगैरे. इथे विद्यापीठ स्वतः शिकवत होतं, नुसत्या परीक्षा घेत नव्हतं. आणि बघा, जिथे शिकवलं तिथेच नाव झालं. एलआयटीचा माणूस जगात कुठेही भेटला तर तो एलआयटीचा म्हणूनच ओळख सांगतो, नागपूर विद्यापीठाचा म्हणून सांगत नाही, आणि ही सवय २०२३ च्या कितीतरी आधीची आहे. मग वेगळं झालं तेव्हा कागदावर झालं एवढंच. लक्ष्मीनारायण यांचं नाव विद्यापीठाच्या एका विभागावरून थेट एका विद्यापीठावर गेलं, यात त्यांचं काय वाईट झालं?

आता ती गोष्ट सांगतो जिच्यासाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली. १९३८ चं वर्ष. निजामाच्या राज्यात हैदराबादपासून औरंगाबादपर्यंत पोरांनी होस्टेलात वंदे मातरम म्हणायला सुरुवात केली. उस्मानिया विद्यापीठाने बंदी घातली, पोरं ऐकेनात, मग शेकड्याने नावं काढून टाकली. नावं काढून टाकलेल्या पोराने करायचं काय? घरी जाऊन शेती, नाही तर दुकान. त्यात उस्मानियाचं शिक्षण उर्दूतून, दुसरीकडे प्रवेश मिळाला तरी निभणार कसं? तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या काळात, या पोरांना दार उघडून दिलं. या म्हणाले. त्या आंदोलनातल्या पोरांपैकी एक होते पी. व्ही. नरसिंह राव. त्यांनी कायद्याची डिग्री नागपूरचीच घेतली आणि १९९१ ला पंतप्रधान झाले.

विचार करा जरा. पंधरा वर्षांचं विद्यापीठ. समोर निजाम, जगातल्या श्रीमंत माणसांत ज्याची गणती. ही पोरं आपल्या प्रांतातली नाहीत, यातल्या बऱ्याच जणांची भाषा तेलुगू, वरून शिस्तभंगाचा शेरा लागलेला. आज एखाद्या पोराचं मायग्रेशन सर्टिफिकेट नसेल तर कुठल्याही विद्यापीठात खिडकीवरचा माणूस मान वर करून बघत नाही, तिथे शेकडो पोरांना घ्यायचा निर्णय झाला. वकील कुलगुरूंना मी वर नावं ठेवली, पण हेही वकिलानेच केलं हे मान्य करावं लागेल. नियम माहीत असलेल्या माणसालाच नियम कुठे वाकवायचा ते कळत असेल कदाचित.

तर हे सगळं कधी झालं? विद्यापीठ लहान होतं तेव्हा. ९२७ वरून सुरू झालेल्या त्या पहिल्या वीस वर्षांत. मोठं झालं, जिल्ह्या-जिल्ह्यात कॉलेजं निघाली, तालुक्यात निघाली, आणि मग विद्यापीठ म्हणजे पेपर छापणारी, तपासणारी अन निकाल लावणारी फॅक्टरी झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मार्कांचा घोटाळा देशभर गाजला तो उगाच नाही, जिथे सगळा जीव मार्कशीटमध्येच असतो तिथे चोर पण मार्कशीटच चोरणार.

आणि तुटायचं म्हणाल तर पहिल्यापासून तुटतच आलं. १९४६ ला सागर विद्यापीठ निघालं, काढलं कोणी? हरिसिंग गौरांनी, म्हणजे आपल्याच माजी कुलगुरूंनी, आपल्या नागपुरात वकिली करून कमावलेल्या पैशातून! दिल्लीचे पहिले कुलगुरू पण तेच, नागपूरच्या नगरपालिकेचे अध्यक्ष पण तेच होऊन गेले. हा माणूस मूळचा महाराष्ट्राचा असता तर एव्हाना चार चौकांना नाव असतं. मग हिंदी भागातली कॉलेजं तिकडे गेली, १९५६ ला राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानीच गेली, त्यापुढे कॉलेजांचं काय घेऊन बसलात. १९६९ ला अकोल्याचं कृषी विद्यापीठ झालं आणि शेतीची कॉलेजं तिकडे. १९८३ ला १ मे च्या मुहूर्तावर अमरावती. मेडिकलवाले १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात. २०११ ला चंद्रपूर-गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ. आता उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया.

यात एक मजा आहे. २००५ ला विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं, आणि महाराजांचा गुरुकुंज आश्रम मोझरीला, म्हणजे अमरावती जिल्ह्यात, म्हणजे गाडगेबाबांचं नाव असलेल्या अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत. महाराजांनी फारशी शाळा पाहिलेली नाही, गाडगेबाबांनी तर अजिबात नाही, आणि विदर्भातली दोन मोठी विद्यापीठं या दोघांच्या नावाने आहेत. मला हे फार आवडतं.

गोंडवाना वेगळं झालं तेव्हाही हेच रडणं होतं. तेव्हा मी एकाला म्हटलं होतं की तू सिरोंच्याला गेलास का कधी? गडचिरोलीच्याही पार खाली, तेलंगणाच्या सीमेवर. तिथल्या पोरीला मार्कशीटवरचं नाव दुरुस्त करायला नागपूरला यावं लागायचं, एक दिवस जायला, एक यायला, मधल्या दिवशी साहेब रजेवर. तिच्यासाठी गडचिरोलीही जवळ नाही, पण नागपूरपेक्षा बरं. आपल्या नकाशाचा आकार मोठा दिसावा म्हणून तिने बस बदलत बदलत इथे यायचं का?

आता माझी तक्रार. जिल्हे कमी झाले, कॉलेजं कमी झाली, म्हणजे हात मोकळे झाले ना? मग अमरावती रोडचे विभाग भरा. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, कॉन्ट्रॅक्टवरचे सर तासावर पैसे घेऊन येतात आणि तेही कधी मिळतील सांगता येत नाही, आणि इकडे शताब्दीला कमानी, लायटिंग, जानेवारी २०२३ ला सायन्स काँग्रेसचा मोठा मांडव. सायन्स काँग्रेस आली ते चांगलंच झालं, माझा विरोध नाही, पण मांडव निघाल्यावर त्याच कॅम्पसवर फिजिक्सच्या पोरांना शिकवायला पूर्णवेळ माणूस किती आहेत ते कोणी विचारलं नाही. जागा भरायचा अधिकार मुंबईत अडकलेला आहे हे मला माहीत आहे, कुलगुरूंच्या एकट्याच्या हातात काही नाही हे पण माहीत आहे. पण आपल्यापैकी कोणी त्यासाठी एक तरी निवेदन दिलं का? एलआयटी गेलं म्हणून दोनशे मेसेज, आणि जागा रिकाम्या आहेत म्हणून शून्य.

आणखी एक काम आहे, हे आपण घरबसल्या करू शकतो. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची अलाहाबादची डिग्री असेल, किंवा विसाव्या-तिसाव्या सालातली नागपूरची असेल, त्यांनी तिचा फोटो काढून खाली टाका. मॉरिसचं, हिस्लॉपचं कोणाचं ग्रुप फोटो असेल तर तोही. १९३८ ला हैदराबादकडून आलेल्या कोणाचं घर नागपुरात असेल तर त्यांनी मला नक्की मेसेज करा, मला त्यांच्याशी बोलायचं आहे. कागद वाळवी लागलेला असला तरी चालेल, लॅमिनेशन करून खराब केलेला असला तरी चालेल.