नाव ‘मुलं’, आणि रंगमंचावर एकही मूल नाही

लूसी कर्कवूड या ब्रिटिश लेखिकेचं ‘द चिल्ड्रन’ हे नाटक 2016 मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवरही गेलं. मी त्याची संहिता वाचली आणि तेव्हापासून घरी, कट्ट्यावर, फोनवर सगळ्यांशी त्याच विषयावर बोलतेय. आता इथे लिहिते. कथानक सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

इंग्लंडचा पूर्व किनारा. भूकंप झालाय, समुद्र आत घुसलाय आणि अणुवीज केंद्रात मोठा अपघात झालाय. हेझल आणि रॉबिन हे निवृत्त जोडपं जवळच एका लहानशा घरात राहतंय. दोघंही शास्त्रज्ञ, उभं आयुष्य त्याच केंद्रात गेलेलं. वीज ठरावीक वेळच येते. अशात रोझ येते, त्यांची जुनी सहकारी, कैक वर्षांनी. तिचं आणि रॉबिनचं एकेकाळी काय होतं हे हेझलला माहीत आहे, त्यामुळे पहिला बराच वेळ आपल्याला वाटतं की हे प्रेमाच्या त्रिकोणाचंच नाटक आहे. मग रोझ आपलं येण्याचं कारण सांगते. केंद्रात आवराआवर करायला सध्या तरुण पोरं राबतायत. त्यांना घरी पाठवायचं आणि त्यांच्या जागी आपण म्हाताऱ्यांनी जायचं. केंद्र आपण उभं केलं, त्यातल्या त्रुटींकडे काणाडोळाही आपणच केला. चला.

मी इथे पुस्तक मिटून ठेवलं होतं. पुढचं वाचायला धीर होईना.

ही नुसती कल्पना नाही. मार्च 2011 मध्ये जपानला फुकुशिमाचा अपघात झाला, तेव्हा यासुतेरू यामादा नावाच्या 72 वर्षांच्या निवृत्त अभियंत्याने साठी उलटलेल्यांचं एक पथक उभं केलं. दोनशेहून जास्त लोकांनी नावं दिली. त्यांचा हिशेब साधा होता. किरणोत्सर्गामुळे होणारा कॅन्सर उमटायला वीस-तीस वर्षं लागू शकतात. विशीतल्या पोराच्या पुढे ती वर्षं आहेत, आमच्या पुढे नाहीत. मग आत कुणी जायचं? आपण मरायला निघालेलो नाही, हे यामादांनी स्पष्ट सांगितलं होतं. शेवटी त्यांना त्या कामावर घेतलं गेलं नाही, पण म्हणून त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

नाटकात मला सगळ्यात जास्त टोचली ती हेझल. योगासनं करणारी, सॅलड कापणारी, प्रकृतीला जपणारी, चार मुलांची आई. ती नकार देते तोच मुलांचं नाव घेऊन. माझ्या मुलांना, नातवंडांना मी हवी आहे. ज्या रोझला मूलबाळ नाही, ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी जायला तयार! हेझल वाईट बाई नाही हो. ती आपल्यातलीच आहे. तिच्या जागी मी असते तर मीही थोरल्या मुलीच्या काळजीचं कारण पुढे केलं असतं. आपल्या पिढीने मुलांसाठी जिवाचं रान केलं, हे खरंच आहे. शिक्षण, लग्न, फ्लॅटचं डाउन पेमेंट. पण ते सगळं *आपल्या* मुलांसाठी. समोरच्या बिल्डिंगमधल्या वॉचमनचा मुलगा ज्या हवेत, ज्या पाण्यावर वाढतोय, त्याचं काय, हा प्रश्न आपण कधी घरात घेतलाच नाही.

आपल्या रंगभूमीवर म्हातारपण आलं ते बहुतेक वेळा दुखावलेलं. 1970 च्या ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर सगळं मुलांना वाटून टाकतात आणि उघड्यावर येतात. ‘संध्याछाया’मधले नाना-नानी वाट पाहत बसतात. ती नाटकं पाहून मी रडलेय आणि ते रडणं खरं होतं. पण तिथे हिशेब कायम मुलांकडे मागितला जातो. इथे तो आपल्याकडे मागितलाय, आणि मागणारी लेखिका तेव्हा जेमतेम तेहेतीस वर्षांची. तरी तिने एकाही म्हाताऱ्याला खलनायक केलेलं नाही.

उलट रॉबिन बघा. तो रोज धोक्याच्या पट्ट्यातल्या आपल्या शेतावर जातो, गाईंचं बघायला म्हणून. बायकोलाही तेच सांगतो. गाई कधीच मेल्यात. तो जातो त्यांना पुरायला, एकेक करून, कारण हेझलला ते ऐकवणार नाही असं त्याला वाटतं. ही एवढी माया असलेली माणसं आहेत, आणि तरीही त्यांच्या हातून पुढच्यांचं नुकसान झालंय. मला हे फार खरं वाटतं.

मुलं मात्र कुठेच दिसत नाहीत. थोरल्या लेकीचा फोन येतो, तेवढाच. ज्यांच्याबद्दल सगळं चाललंय त्यांना चर्चेत जागाच नाही, आणि आपल्या घराघरांतही असंच चालतं.

कुणी म्हणेल, आम्ही मुद्दाम थोडंच केलं? तेव्हा कुणाला कळत होतं? काही बाबतीत मान्य. पण बोअर आटली म्हणून आणखी खोल मारताना, टेकडी फोडून झालेल्या स्कीममध्ये बुकिंग करताना आपल्याला बऱ्यापैकी कळत होतं. आणि आता कळल्यावर काय, हा तर रोझचा मुद्दा आहे. ती माफी मागायला सांगत नाही, कामाला चला म्हणते. पेन्शन आहे, अनुभव आहे, वेळ आहे. वॉर्डातल्या सभेला आपण जाऊ शकतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू शकतो, वृक्षतोडीवर हरकत नोंदवू शकतो. कंपनीत बारा तास राबणाऱ्या पोराला रजा मिळत नाही आणि बोलला तर नोकरीची भीती. आपल्याला कुणाची भीती आहे?

हे नाटक मला मराठीत बघायचंय. एकच घर, तीनच पात्रं, तिघंही साठीच्या पुढची. आपल्याकडे या वयाच्या किती ताकदीच्या अभिनेत्री आईच्या आणि सासूच्या चार वाक्यांवर बसून आहेत! कुणी निर्माता, कुणी हौशी संस्था हे वाचत असेल तर परवानगीचं बघा. आणि पहिला प्रयोग ज्येष्ठ नागरिक संघासाठी ठेवा, प्रयोगानंतर तासभर चर्चेसकट. तिकीटविक्रीचं काम माझ्याकडे.