‘ॲस्ट्रोफिजिक्स’ पदवीवर छापलेलं असायलाच हवं का?

बारावीचा निकाल लागला की एक सल्ला घरोघरी फिरतो. खगोलशास्त्रज्ञ व्हायचं तर ‘बी.एस्सी. ॲस्ट्रोफिजिक्स’ याच नावाची पदवी घ्या, स्वतःची मोठी दुर्बीण असलेलं विद्यापीठ निवडा, जागतिक क्रमवारी पाहा, आणि इंजिनिअरिंगला गेलात तर हा रस्ता संपला. चारही गोष्टी चुकीच्या आहेत.

पदवीच्या नावाचा आग्रह सर्वांत नुकसान करतो. पीएच.डी.साठी ‘जेस्ट’ ही अनेक संस्थांची सामायिक प्रवेश परीक्षा द्या की पुण्याच्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्र संशोधन संस्थांची संयुक्त परीक्षा, खरा कस लागतो तो यामिकी (मेकॅनिक्स), विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स), सांख्यिकीय भौतिकी आणि गणिती पद्धतींत. म्हणून आधी अभ्यासक्रम उघडून पाहा: पुंजयामिकीला दोन सत्रं आहेत का? संगणकीय पद्धती आणि प्रयोगशाळा आहेत का? तारे-दीर्घिकांच्या वर्णनात ही सत्रं खर्ची पडली असतील, तर पुढे ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेतून एम.एस्सी.ला जातानाही अडचण येते. पदवीला भौतिकशास्त्र आणि गणित किती होतं, हे काही संस्था तपासतात. आयसर, नायझर यांसारख्या केंद्रीय विज्ञान संस्थांतली किंवा साध्या कॉलेजातली भौतिकशास्त्राची भक्कम पदवी अशा नावापुरत्या पदवीहून कितीतरी बरी.

दुर्बीण विद्यापीठाच्या मालकीची असावी लागत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि त्यांच्या वेळेसाठी वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात. वेळ मिळतो तो प्रस्तावाच्या गुणवत्तेवर, अर्जदार कुठल्या देशाचा आहे यावर नाही. जुनी निरीक्षणं अर्काइव्हमध्ये खुली असतात, ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश दुर्बिणीचंही तसंच. कॉलेजच्या गच्चीवर १४ इंची दुर्बीण असेल तर एवढंच विचारा: बायस, डार्क, फ्लॅट फ्रेम (कॅमेऱ्याचे दोष काढण्यासाठी घेतलेल्या प्रतिमा) घेऊन एखाद्या रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्याचा प्रकाशवक्र (वेळेनुसार तेजाचा आलेख) विद्यार्थी स्वतः काढतात का? नुसतं शनीचं कडं दाखवत असतील, तर ती दुर्बीण तुमच्या शिक्षणात धरू नका.

क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते, तुमच्या विषयाची नव्हे. नासाच्या एडीएस या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत तिथल्या प्राध्यापकांची नावं टाका आणि गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध बघा. विद्यार्थी सहलेखक दिसतात का, तेही बघा.

इंजिनिअरांना दार बंद नाही, बी.ई. झालेल्यांनाही आयुका-एनसीआरएची परीक्षा देता येते. रेडिओ खगोलशास्त्रात संकेत-प्रक्रियेचं (सिग्नल प्रोसेसिंग) ज्ञान तर रोज लागतं. फक्त पुंजयामिकी आणि सांख्यिकीय भौतिकी स्वतः बसून पुरी करावी लागते. बी.ई.च्या बहुतेक शाखांत हे विषय खोलात शिकवत नाहीत आणि मुलाखतीत गाडी तिथेच अडते.