घटनावादी मंत्र्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

मंत्री झालात? अभिनंदन. आता राजाच्या शपथेवर शंका घेऊ नका, ते असभ्य दिसतं. स्पेनच्या सातव्या फर्नांदोने 1814 मध्ये गादीवर परतताच काडीसची घटना (काडीस बंदरात संसदेने केलेली, राजाच्या सत्तेला लगाम घालणारी) रद्द केली, घटनावाल्यांना तुरुंगात डांबलं, हे खरं. पण 1820 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वसाहतींकडे निघालेलं सैन्य रिएगो या लष्करी अधिकाऱ्याने बंडाला उभं केलं, मार्चमध्ये राजवाड्याबाहेर गर्दी जमली, आणि महाराजांना एकदम साक्षात्कार झाला: घटनेच्या वाटेने मोकळ्या मनाने चालू या, सर्वांत पुढे मी! एवढं गोड बोलणाऱ्यावर विश्वास टाकायला आपलं काय जातं?

सत्ता मिळाली की लगेच मवाळ आणि जहाल असे दोन तट पाडा. ज्या सैन्याने खुर्ची मिळवून दिली ते आधी मोडीत काढा. जुलै 1822 मध्ये राजाच्याच रक्षक पलटणी तुमच्यावर उठल्या, तर पलटणींना झोडपा. राजाला मात्र काही विचारू नका. बिचारा परदेशी राजांना मदतीची पत्रं लिहिण्यात गुंतलेला असतो.

त्या पत्रांना उत्तर म्हणून एप्रिल 1823 मध्ये फ्रेंच फौज सरहद्द ओलांडून आली, तर राजाला घेऊन दक्षिणेला पळा. सेव्हियात तो अडून बसला, काडीसला येत नाही म्हणाला, तर घाबरू नका. संसदेत ठराव करा की महाराजांना तात्पुरता बुद्धिभ्रंश झाला आहे. वैद्य लागत नाही, बहुमत पुरतं. तिघांचं राजप्रतिनिधी मंडळ नेमा, 'रुग्णाला' गाडीत घाला, आणि काडीस येताच तो ठणठणीत बरा झाल्याचं जाहीर करा. (गादीवरून काढायची छाती नाही आणि गादीवर ठेवायची सोय नाही, अशा वेळी याहून नामी औषध नाही.)

ऑगस्टअखेर काडीसजवळचा त्रोकादेरोचा किल्ला फ्रेंचांच्या हाती पडला की राजाला सोडून द्या. 30 सप्टेंबरला तो सगळ्यांना माफीचं वचन देईल. ते लेखी घ्या, लेखी वचन मोडताना जरा भारदस्त वाटतं. 1 ऑक्टोबरला खाडीपलीकडे पाय टेकताच त्याने तीन वर्षांचा सगळा कारभार रद्दबातल ठरवला. नोव्हेंबरात माद्रिदला रिएगो फासावर गेला. सेव्हियातल्या त्या तिघा प्रतिनिधींनाही मृत्युदंड फर्मावला होता, पण ते वेळेवर निसटले.

तेव्हा इंग्रजांच्या ताब्यातल्या जिब्राल्टरची वाट आधीच विचारून ठेवा. पुढे लंडनला सोमर्स टाऊनात आपली बरीच मंडळी भेटतील. मवाळ कोण आणि जहाल कोण, हा वाद तिथेही चालूच आहे.