बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट नसतात हो!

कालपासून डोक्यात गेलेली तिडीक उतरतच नाहीये. आठ-नऊ किलोची बॅटरी स्कूटरवर पायांत धरून, नाशिकच्या शालीमारच्या त्या गर्दीतून वाट काढत मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नेली. कशासाठी? तर या दुकानदाराने दिलेल्या सप्लायवर ती चार्ज होत नाही, एवढंच दाखवायला. आणि ऐकून काय आले? "ताई, बॅटरीच गेलीय तुमची. नवीन टाका."

परवा तिथूनच बारा व्होल्ट दहा अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवरून बारा व्होल्ट काढून देणारा सप्लाय, आणला होता. कॅमेऱ्यांना लावतात ना, तो जाळीचा डबा. मी दोनदा सांगितलं होतं की माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेस संचाच्या, बॅकअपची २६ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आहे, ती चार्ज करायचीय. "हाच लागतो, सगळे हाच नेतात." घरी येऊन डब्याला मल्टीमीटर लावला तर १२.१ व्होल्ट! अहो, भरलेली बॅटरी नुसती पडून असली तरी १२.७-१२.८ दाखवते. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत आपोआप चढतं का? रात्रभर लावून ठेवली, सकाळी बॅटरी होती तिथेच.

म्हणून काल परत गेले. त्याने टेस्टर काढला, टर्मिनलशेजारचा तो बारीक स्क्रू शेवटपर्यंत पिळला. मीटर माझाच लावला होता, आकडा १५.२. "आता फास्ट होईल." मी "थांबा, थांबा" म्हणतेय तोवर उघड्या वायरी बॅटरीला टेकवल्यासुद्धा. फ्यूज नाही, चिमटे नाहीत, काही नाही. चट्कन ठिणगी उडाली आणि डबा टक... टक... टक करायला लागला. दिवा लागतोय, विझतोय. उतरलेली बॅटरी एकदम झेपणार नाही एवढा करंट ओढते, त्या डब्याला करंट एका मर्यादेवर धरून ठेवता येत नाही, मग तो स्वतःला वाचवायला बंद पडतो, परत उठतो, परत बंद. हे मी त्याला तिथेच उभं राहून सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "शॉर्ट आहे बॅटरी," म्हणाला आणि मागच्या फळीवरून नवी काढून काउंटरवर ठेवली. चांगली बॅटरी मोडीत काढायची आणि नवी गळ्यात मारायची! वर म्हणे, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो."

कुठले साहेब? लायसन्स माझ्या नावावर आहे. परीक्षा मी दिलीय. अँटेनासाठी गच्चीवर मी चढते. हे "साहेबांना पाठवा" ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आणि तो १५.२ चा डबा मी मुकाट्याने घरी नेऊन लावून ठेवला असता तर? स्टँडबायवर कायम जोडलेल्या अशा बॅटरीला १३.५ ते १३.८ पुरे, तेही २५ अंशांना. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्यातूनही दोन-तीन दशांश कमीच करावे लागतात. १५.२ वर अहोरात्र ठेवली की ती तापणार, आतलं पाणी उडणार, पोट फुगणार, हायड्रोजन बाहेर पडणार. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. माझी बॅटरी बंद कपाटाशेजारी असते आणि त्याच खोलीत बाबा झोपतात.

मागितलं काय होतं मी? करंट आणि व्होल्टेज दोन्ही बांधता येतील असा सप्लाय. २६ एएचला अडीच-तीन अँपिअर, १३.८ आले की व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं. लाइट गेल्यावर बॅटरी उलटी सप्लायमध्ये रिकामी होऊ नये म्हणून मध्ये डायोड, आणि डायोडमध्ये पडणारे व्होल्ट धरून सेटिंग. पॉझिटिव्हला अगदी टर्मिनलजवळ फ्यूज. यात चंद्रावर जाण्यासारखं काय आहे?

गेल्या वर्षीचा तो दुसरा डबा आठवला की अजून संताप होतो. वर तीस अँपिअर छापलेलं, आणि रेडिओचं बटण दाबून बोलायला लागलं की व्होल्टेज गपकन खाली. शिवाय ४० मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर असा घूं घूं आवाज की समोरचा माणूस ऐकूच येईना. ऑनलाइन मागवलेल्या त्या "स्मार्ट" चार्जरची तर हिरवा दिवा लागणं एवढीच हुशारी. आमच्या ग्रुपमधल्या एकाला लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीसाठीही हाच कॅमेऱ्याचा डबा दिला. तिला १४.४-१४.६ लागतात आणि भरली की हात काढून घ्यायचा असतो, हे विकणाऱ्याच्या गावीही नाही.

"हौसच आहे ना, एवढं काय मनावर घेता," असं म्हणणारे भेटतात तेव्हा तर मी भांडतेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुराच्या पाण्याखाली गेली होती, ते गोदाकाठावर सगळ्यांनी बघितलंय. पुन्हा तशी रात्र आली, लाइट गेली, मोबाइलचे टॉवर बसले, तर माझा रेडिओ चालला पाहिजे. तो चालणार कशावर? या बॅटरीवर. आणि बॅटरी त्या रात्री भरलेली असेल की नाही, ते ठरणार या डब्यावर.

पैसे परत मिळाले नाहीत. "खोका फोडलाय तुम्ही." स्क्रू पिळला त्याने, खोका फोडला मी!

आज सकाळी सातपूरच्या एका मित्राकडून त्याचा टेबलावरचा सप्लाय मागून आणला. आधी काहीही न जोडता १३.८ लावले, करंट अडीचवर बांधला, फ्यूज टाकला, मग बॅटरी जोडली. ती "गेलेली", "शॉर्ट" बॅटरी दिवसभर शहाण्यासारखी करंट घेत होती. संध्याकाळी तो अर्ध्या अँपिअरच्या खाली उतरला. बॅटरी हाताला गारच लागतेय.