'एक नाशिककर' यांना उत्तर: माज कसला?

बाथरूमच्या फरशीखाली आम्ही हीटिंग मॅट, म्हणजे विजेवर तापणाऱ्या वायरींची जाळी बसवली, त्या लेखावर 'एक नाशिककर' यांनी लिहिलंय की दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी हे म्हणजे पैशाचा माज, बिल डोईजड होईल आणि वायर तुटली तर अख्खी फरशी उखडावी लागेल.

एक चूक कबूल करतो. 'मॅट १५० वॅटची' असं मी लिहिलं, ते दर चौरस मीटरला हवं होतं. आमची मॅट अडीच चौरस मीटरची, म्हणजे पावणेचारशे वॅट. पहाटे दोन तास चालली तर पाऊण युनिट. बिलाचं एवढंच. वायरीचं म्हणाल, तर मिस्त्री नीट असला की झालं.

पण 'माज'? टीका करा हो, पण हा शब्द कुणाला लागतोय ते तरी बघायचं होतं!

माझं लहानपण निफाड तालुक्यात गेलं. पारा चार-पाचवर आला की वडिलांबरोबर पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जायचो. थंडीने मणी तडकतात, हे तिकडे शेंबड्या पोरालाही कळतं. थंडी काय असते ते मला शिकवू नका. बागेला ऊब दिली तर ती शेती, आणि आईच्या पायांना दिली तर माज?

आईला अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, गुडघ्यांत संधिवात. पाचला अंघोळ, त्यात बदल नाही. खाली शहाबादी. गीझरचं पाणी अंगावर पडेपर्यंत ती चौकट धरून टाचांवर उभी राहायची, तळवा टेकवायचीच नाही. मोजे घालावेत तर ओल्यात पाय सरकतो. मागच्या डिसेंबरात सरकलाच. शहाबादीवरच मॅट अंथरून वर टाइल बसवली, थर्मोस्टॅट २८ अंशांवर ठेवला. आता ती पाटावर बसते आणि दोन्ही तळवे सपाट टेकवते.

कोरियात तर शेकडो वर्षं चुलीचा धूर फरशीखालून फिरवून घरं उबदार ठेवली, आज तिथे गरम पाण्याचे पाइप असतात. ते सगळे माजलेत का?

नाशिककर म्हणवता ना, मग जानेवारीत पहाटे पाचला या. चपला बाहेर काढून आधी आमच्या मधल्या खोलीत उभे राहा, मग बाथरूममध्ये. चहा मी करीन. तो शब्द तेवढा मागे घ्या.